बोंद्रे सरांचा ओला फडका

लेक सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी पांढुर्ण्याला आली आणि आजोबा होण्याच्या घाईत मी माळ्यावरचा जुना पाळणा खाली काढला. ओसरीवर तिच्या खाटेशेजारीच बसून त्याचा हिरवा रंग सँडपेपरने घासू लागलो. कचेरीत पंचवीस वर्षं कागदच घासल्यामुळे हात झकास चालत होता.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारचे बोंद्रे सर ओरडले, "थांबा भाऊ! जुन्या रंगातलं शिसं उडवून राहिले तुम्ही!"

सर म्हणजे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. लोक खिशात रुमाल ठेवतात, हे पिशवीत गुंडाळून ओला फडका ठेवतात. कुठं जुना रंग किंवा फुटकी बॅटरी दिसली की वाकलेच पुसायला. लग्नाच्या पंगतीत पितळी भांड्याची कल्हई तपासल्याशिवाय कढी घेत नाहीत. वधूपित्याला वाटतं, पाहुणे रुसले.

"पेशीत एक पोथी असते भाऊ, डीएनए! शिसं, पारा, कॅडमियम तिची अक्षरं खराब करते. वरून ती अक्षरं दुरुस्त करणारा जो कारागीर पेशीत असते, त्यालेच पेंगवते. न् पोटातल्या लेकराच्या पोथीच्या तर आत्ता भराभर नकला उतरवणं चालू आहे!"

अक्कल दाखवायला मी झाडू उचलला.

"झाडू नका! अजून उडन!"

लेकीला आत पाठवून सत्तरीतले सर आमच्या ओसरीवर येऊन गुडघ्यांवर बसले. फरशी एकदा पुसली, दोनदा, तीनदा.

"सर, पुरे आता."

त्यांनी मान वर केली नाही. "रामाकोन्याच्या शाळेत मी पोरापोरींच्या तळहातावर पारा ठेवत होतो भाऊ. चमकते म्हणून. दरसाल. खुश व्हायची लेकरं. आता कोणाले जाऊन विचारू, बरा आहेस का म्हणून?"

मी बादलीतलं पाणी बदलून आणलं.

आठवड्याने लेकीच्या रक्तातल्या शिशाचा रिपोर्ट चांगला आला. सरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि चहा न घेताच घरी गेले.

ते गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "त्या वर्गात मी पहिल्या बाकावर होती. दोन वेण्या, नाव माहेरचं. त्यांनी ओळखलं नाही अजून. पारा माझ्याही हातावर ठेवला होता. तुमच्या पोटात काही राहत नाही, पण एवढं राहू द्या."