मधलं बटण

ऑफिसच्या वाद्यवृंदात नाव द्यायचं, एवढंच स्टोअरकीपरने ठरवलं होतं. तळघरातल्या गोदामात बावीस वर्षं नट-बोल्ट मोजून देणारा माणूस. वरच्या मजल्यावरच्यांना त्याचा फक्त खिडकीतून बाहेर येणारा हात ओळखीचा. (मॅनेजरसाहेब अजूनही विचारत, "नवीन का तुम्ही?") वर्धापनदिनाला स्टेजवरून एकदा तरी आपला आवाज सगळ्यांनी ऐकावा, असं त्याच्या मनाने घेतलं.

गिटार साहेबांनी स्वतःकडे ठेवली होती. उरली बेस गिटार. चार जाड तारा, कुणालाच नको असलेल्या. ती ह्याने घेतली, चार महिने खपून शिकला आणि पदरमोड करून आवाज मोठा करणारा अँपही आणला.

दुकानदाराने अँपवरची बटणं नीट समजावून दिली. बेसच्या बटणाने आवाज भरतो, ट्रेबलच्या बटणाने तारेवरचं बोट कळतं. "पण दादा, चार वाद्यांत ऐकू यायचं असेल तर हे मधलं सोडू नका. मधलं गेलं की तुम्ही गेलात."

घरी तो रोज संध्याकाळी सातला वाजवायला बसे. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या मावशी धापा टाकत वर आल्या. सात वाजले की त्यांची भांडी थरथरतात, पेले आपल्या पायांनी फळीच्या कडेला येतात. ह्याने ओशाळून बेस अर्ध्यावर आणला. मावशींनी कळवलं, पेले अजून चालतायत. त्याने पाव केला, मग शून्य. पेले चालतच होते, पण त्याहून खाली बटण जात नव्हतं.

ट्रेबल गेला सासऱ्यांपायी. त्यांना एरवी कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे (औषधाची वेळ झाली म्हटलं तर मुळीच नाही), पण ट्रेबल चढला की त्यांच्या कानातलं मशीन शिट्टी मारी आणि ते बेल वाजली समजून दार उघडायला जात. तीन वेळा दार उघडून कुणी नाही म्हटल्यावर ते जावयाकडे असे काही बघायला लागले, की त्याने तेही बटण पार खाली नेलं.

राहिलं मधलं. त्यावर बायको बोलली.

"अहो, हे मधलं वाढवलं की अगदी तुमच्यासारखं वाटतं."

तो सुखावला. "म्हणजे कसं?"

"तुम्ही आतल्या आत कुरकुरता ना, तसं. घरात एक पुरे आहे."

मधलंही गेलं. पुन्हा वाद नको म्हणून तिने तिन्ही बटणांशी नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले, कुठवर फिरवायचं ते कळावं म्हणून. त्यानंतर अँपमधून जे निघे ते गादीखाली कुणी पुटपुटावं तसं होतं. घरात शांतता नांदली. बायकोने त्या आठवड्यात दोनदा न मागता चहा दिला.

वर्धापनदिनाला घरचं कुणी आलं नाही. स्टेजवर तो होता, अँप होता, आणि हटकायला कुणीही नव्हतं. दुकानदाराचे शब्द त्याला आठवले. हात मधल्या बटणाकडे गेला. बोटांनी ते धरलं, किंचित फिरवलं, आणि तेवढ्यात ठिपका दिसला. पाहुणा चादर सारखी करतो तसं त्याने बटण पुन्हा ठिपक्यावर नेऊन ठेवलं.

पाच गाणी झाली. एकही चूक न करता त्याने पाचही वाजवली. टाळ्या पडल्या.

मागे आल्यावर साहेब गायिकेला म्हणाले, "आज आवाज कसा स्वच्छ लागला, नाही?"

"हो ना," ती म्हणाली. "ते बेसवाले आलेच नाहीत, तेच बरं झालं."

बेसवाले तिच्या शेजारी उभे राहून वायर गुंडाळत होते. साहेबांनी त्यांच्याकडे बघून अँपवर थाप मारली. "हा डबा राहू द्या इथेच, कीबोर्डला लावू. आणि तुम्ही... नवीन का?"

डबा तिथेच राहिला. घरी कोपऱ्यात फरशीवर त्याचा चौकोन तेवढा स्वच्छ दिसत होता, पण तो कुणी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो त्या चौकोनासमोर खुर्ची टाकून बसला होता. मावशी दारात आल्या. "भाऊ, पेले बघा हो."

तेव्हा त्याच्या कानावर पहिल्यांदा ते पडलं. जिन्याखालचा पाण्याचा पंप सुरू होता. रोज सातला सुरू होणारा. (इतके दिवस ह्याच्या कानांत ह्याचाच बेस होता ना.) सांगावं का? सांगून आता काय मिळणार होतं?

"कमी करतो, मावशी," तो म्हणाला आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसला.

दहा मिनिटांनी टाकी भरली, पंप थांबला. खालून मावशींचा आवाज आला, "आता कसं छान! तुम्हाला सांगितलं की ऐकता, हो."

त्याच्या वाजवण्याला मिळालेली ती पहिली दाद. खुर्चीत बसून तो साहेबांना, गायिकेला, पंपाला, त्या तीन ठिपक्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत राहिला.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आता ते मधलं पण कमी करा बघू."