उजव्या बाजूचा पत्रा

चिंतामणी सरांनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली तो मंगळवार होता आणि त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई गणेशपुरीहून, बहिणीकडून, रविवारी परतणार होत्या. गाडी मागे घेताना आरशात कसं बघावं, हे सर बायकोला तीन वर्षं शिकवत आले होते. त्यामुळे बुधवारी सकाळीच त्यांनी मानकोलीला अब्दुर्रहमानचं गॅरेज गाठलं.

"मागचा उजवा पत्रा पूर्ण बसलाय सर. बदलायलाच लागेल. तुम्ही घरी जा, मी फोन करतो."

"छे! मी बसतो की इथंच."

अब्दुर्रहमानने नाइलाजाने खुर्ची दिली.

पत्रा सांगाड्याला जागोजागी वेल्डिंगच्या ठिपक्यांनी टाचलेला असतो. प्रत्येक ठिपक्यावर ड्रिल धरून फक्त वरचा पत्रा कापायचा, खालच्याला भोक पाडायचं नाही, असं ते जिकिरीचं काम. अब्दुर्रहमानने रंग घासून ठिपके उघडे केले. सर गणिताचे शिक्षक. त्यांनी ते लगेच मोजले. मग सहज म्हणून डावीकडचं दार उघडून तिथलेही मोजले.

"अहो, डावीकडे तेरा आणि उजवीकडे सतरा? आणि तिकडचे बघा कसे गोल, चपटे. हे असे भरल्यासारखे का?"

"होतं कधी कधी, सर."

"काय होतं? कारखान्यातल्या मशीनला मोजता येत नाही?"

अब्दुर्रहमानने ड्रिल जोरात सुरू केलं. सर त्याहून जोरात बोलू लागले.

"खरं सांगा, हे कंपनीचं काम आहे?"

ड्रिल थांबलं. "कंपनीचं न्हाय. हाताचं हाय."

"म्हणजे नवी सांगून ठोकलेली गाडी गळ्यात मारली माझ्या!" सर ताडकन उठले. त्यांनी सतरा ठिपक्यांचे सतरा फोटो काढले आणि शोरूमला फोन लावून मॅनेजरला ग्राहक मंचाची धमकी दिली.

"सर, जाने दो ना. कशाला लफडं?" अब्दुर्रहमान रडवेला झाला होता.

"का जाऊ द्यायचं? तत्त्वाचा प्रश्न आहे!"

मॅनेजरने खरेदीची कागदपत्रं मागितली. ती कुठल्या कपाटात आहेत, हे फक्त सरोजिनीबाईंना ठाऊक. सरांनी त्याच तावात गणेशपुरीला फोन लावला.

"अगं, गाडीची फाइल कुठंय? फसवलंय आपल्याला! मागचा उजवा पत्रा आधीच बदललेला होता. मी आत्ता माझ्या डोळ्यांनी बघतोय!"

वाक्य संपता संपता आपण काय बोलून बसलो, ते सरांच्या लक्षात आलं आणि ते हळूच खुर्चीत बसले.

"अहो," सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "अब्दुर्रहमानभाईंकडेच आहात ना?"

"हो... तुला कसं कळलं?"

"मागल्या मे महिन्यात तुम्ही पेपर तपासायला नाशिकला होतात ना, तेव्हा त्यांनी तोच पत्रा चार दिवसांत बदलून दिला होता. त्यांना म्हणावं, या वेळी रंग जरा जुळवून लावा."

सरांनी अब्दुर्रहमानकडे पाहिलं. तो मान खाली घालून अठरावा ठिपका शोधत होता.