झाकुस्काची बरणी

सरकारी काम कसं करून घ्यायचं ते मला विचारा! ब्राइला शहराच्या पाणीपुरवठा खात्यात मी आयुष्य काढलंय. समोरच्याला पाझर फोडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

म्हणून बायकोच्या इंजेक्शनची जबाबदारी मी अंगावर घेतली. ओतिलियाला बरीच वर्षं संधिवात आहे. बोटांचे सांधे सुजून सुजून वाकडे झालेत. नवं इंजेक्शन सरकार फुकट देतं, पण ज्याचं रोजचं जगणंच अवघड झालंय त्यालाच. ते डॉक्टर प्रश्न विचारून मोजतात: बटणं लावता येतात का, नळ फिरवता येतो का, दुखणं दहापैकी किती.

"सगळ्याला 'नाही' म्हणायचं," मी तिला पढवलं. "आणि दुखण्याला दहा!"

"दहा मी कोणालाच देत नाही," ती म्हणाली. "संधिवाताला का देऊ?"

ती गणिताची निवृत्त शिक्षिका. आमच्याकडे पेपरला नुसतं बसल्याबद्दल प्रत्येक पोराला दहापैकी एक मार्क फुकट मिळतो. तोसुद्धा देताना तिचा जीव जायचा!

"मग तू गप्प बस. मी बोलतो!"

डॉक्टरकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? मी फडताळातली झाकुस्काची बरणी उचलली. झाकुस्का म्हणजे पावाला लावायची वांग्या-मिरच्यांची चटणी, आमच्याकडे दर शरदात होते. कशी होते ते मला ठाऊक नव्हतं, पण होते खरी!

डॉक्टर स्मारांदा तरुण आणि हसतमुख. बरणी टेबलावर ठेवून मी सुरूच झालो.

"बाईंना भाजी चिरता येते?"

"छे! सुरी धरवत नाही!"

"जड भांडं उचलता येतं?"

"भांडं? अहो, चमचा उचलवत नाही!"

"बरणीचं झाकण?"

"नुसता हात लावला तरी किंकाळी!"

ओतिलिया खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरांनी बरणी उचलून न्याहाळली.

"वा, घरची! कोणी केली?"

ओतिलियाचं नाव घेतलं तर सगळंच फसणार! मग तोंडातून निघून गेलं, "मी!"

"अरे वा! वांग्यांचं आधी काय करता?"

"उकडतो!"

"वांगी भाजतात, काका." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असलं खोटं पुढे पाठवलं तर बाईंचं इंजेक्शन जाईल. आता तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

मी बरणीतल्या मिरच्यांइतका लाल झालो.

"मीच केली," ओतिलिया म्हणाली. "पातेलं उचलवेना, म्हणून ओट्यावरून ढकलत नेलं. झाकणं शेजारच्या फ्लोरिकानं लावली. नंतर आठवडाभर चमचा धरवला नाही."

"मग जेवलात कशा?"

"सूप कपातून प्यायले."

तो कप मला आठवला! मला वाटलं होतं, टीव्हीवर बघून काहीतरी फॅशन उचलली असेल. वर मी चेष्टाही केली होती, "बाई मोठ्या घरच्या झाल्या!" आता मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

"एवढा त्रास होतो, तर करता कशाला?"

"ह्यांना हिवाळ्यात पावाबरोबर लागते."

"आणि दुखणं? दहापैकी?"

ओतिलियानं बराच विचार केला. "आठ."

आठ! वर्गातल्या पहिल्या पोरालासुद्धा तिनं कधी आठ दिले नव्हते. आणि मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो.

डॉक्टरांनी बेरीज केली. "पुरेसं आहे, बाई. इंजेक्शन मिळेल."

माझा जीव भांड्यात पडला. आता शेवटचा प्रश्न: घरात मदत कशाकशाची होते? काठी, बरणी उघडायचा चिमटा, दुसरं माणूस?

"माणूस आहे," मी हळूच म्हणालो.

डॉक्टर हसल्या. "ह्यांना किती द्यायचे, बाई? दहापैकी?"

ओतिलियानं चष्म्यावरून मला नीट तपासलं.

"एक."

मी खूश झालो. चला, शून्य तर नाही दिलं! घरी येऊन आयुष्यात पहिल्यांदा वांगी भाजायला घेतली, बोटं पोळली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. एक मार्क तर नुसतं येऊन बसल्याबद्दल सगळ्यांनाच मिळतो!