पुरावा मागणारा उमेदवार

आमच्या उमेदवाराने पहिल्याच कोपरा सभेत मतदारांना हुकूम सोडला, "हाताची घडी, तोंडावर बोट!" आमच्या शिरवणे गावाच्या नाक्यावर दोघी-तिघींनी खरंच घडी घातली. बाकीचे हसत निघून गेले.

हे आमचे जर्मन सर. आडनाव पाटील, पण गावात पाटील घरोघरी, वाशीच्या शाळेत जर्मन शिकवणारा हा एकच. शाळा सुटली की मिठागरांचा आर्थिक इतिहास लिहीत बसायचे. महापालिकेची पहिली निवडणूक लागली तेव्हा आम्हा पोरांनी त्यांना उभं केलं. माणूस स्वच्छ, शिकलेला, गावातला. आणखी काय पाहिजे? बरंच काही पाहिजे असतं, हे प्रचारात कळलं.

पत्रकं मी लिहायचो. 'नव्या शहरापायी मिठागरं गेली, सारं गाव देशोधडीला लागलं!' सरांनी 'सारं'भोवती लाल गोल केला.

"पुरावा?"

"सर, हे पत्रक आहे, परीक्षा नाही."

"म्हणून खोटं लिहायचं? 'बरंचसं' लिही."

बरंचसं गाव देशोधडीला लागलं! यावर कोण पेटणार, सांगा.

भाषणाचंही तेच. लोक नळाचं विचारायचे, सर म्हणायचे, "मिठापासून सुरू करू." नळापर्यंत कधी पोचलेच नाहीत. रिक्षात माईक धरून धरून माझा घसा बसला, झोप गेली, आणि खरं सांगायचं तर श्रद्धाही पातळ झाली.

शेवटच्या सभेला मात्र गर्दी लोटली. गावठाणातल्या वाढवलेल्या घरांना पाडायच्या नोटिसा आल्या होत्या. समोरचा उमेदवार 'एक वीट हलू देणार नाही' असं छातीठोक सांगून गेला होता. नोटीस आलेली बायजाआजी उठली.

"सर, माजं घर ऱ्हाईल का नाय? येवडंच सांग."

मी मागून कुजबुजलो, "हो म्हणा सर. फक्त हो म्हणा."

सरांनी माईक खाली ठेवला. मग म्हणाले, "माहीत नाही, आजी."

सभा उठली. निवडणुकीत आम्ही दणकून पडलो.

त्यानंतर मी सरांचं तोंड पाहिलं नाही. निवडून आलेल्याचं तोंड गावठाणाने पाहिलं नाही. एक दिवस बातमी आली, पाडणारी गाडी निघालीय. मी आजीच्या घराकडे धावलो. उंबऱ्यावर सर, मांडीवर तपासायचे पेपर.

"रोज येतो ह्यो," आजी आतून म्हणाली. "शाला सुटली का हितं. जेव म्हनलं तर मीठ कमी हाय म्हनतो."

माझा भडका उडाला. "आता बसून काय उपयोग? तेव्हा एक 'हो' म्हणाला असतात तर!"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मिठागर गेलं तेव्हा आईला एका पुढाऱ्याने सांगितलं होतं, 'मावशी, तुझं काम जाणार नाही.' मीठ ओढायचं फळकं तिने मरेपर्यंत दाराआड उभं ठेवलं. रोज पुसायची."

नाक्यावर गाडीची घरघर ऐकू आली. सरांनी पेपर आजीकडे दिले, उंबऱ्यावर ताठ बसले आणि हाताची घडी घातली.

मग जरा सरकून माझ्यासाठी जागा केली.