भाऊसाहेबांची आमटी

तहसील कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रस्ताव मांडायला भिऊ नये, कारण तो मंजूर होत नाही. याच भरवशावर गोरक्षनाथांनी त्या दिवशी बैठकीत उभं राहून सांगितलं की, सामाईक स्वयंपाकघरात यापुढे पुरुषांनीही वार लावून घ्यावेत. डेन्मार्कात असंच करतात.

प्रस्ताव मंजूर झाला. त्याला चहा निवायलाही वेळ लागला नाही.

ही बैठक म्हणजे चार घरांची बैठक. सुप्याच्या एमआयडीसीच्या पुढे, माळावर, एका अंगणाभोवती चार छोटी घरं आणि मधोमध एक मोठं स्वयंपाकघर, अशी ती वसाहत. घराघरांमध्ये भिंत नाही, गाड्या फाटकाबाहेर, आठवड्यातून तीन संध्याकाळी सगळ्यांचं जेवण एकत्र. ही सगळी कल्पना गोरक्षनाथांची, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या भाऊसाहेबांची. जामखेडहून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाईलवर परदेशातली माणसं अशी राहताना पाहिली आणि त्यांना चैन पडेना. पुणतांब्याच्या श्रीमंतरावांनी ही कल्पना प्रथम ऐकली तेव्हा ते म्हणाले होते, "आमी भावाभावांनी वाटणीपायी कोर्टात जिंदगी घातली, आन तुमी परक्या मान्सांनी एकत्र राहायचं म्हणता." पण भाऊ बरोबर येणार नाहीत एवढी खात्री झाल्यावर ते पत्नी लंकाबाईंसह राहायला आले. निवृत्त शिक्षक यशया सर आणि त्यांच्या पत्नी दया मॅडम आले. साखर कारखान्यातून सुटलेले, एकटे असलेले आसारामभाऊ आले. सगळे निर्णय एकमतानं घ्यायचे हाही डेन्मार्काचाच नियम. त्यामुळे वसाहतीला अजून नाव नव्हतं आणि फाटकाला रंग नव्हता.

एकमत झालं ते नेमकं पुरुषांच्या वारावर. लंकाबाईंनी आणि दया मॅडमनी हात वर केले. यशया सरांना स्वयंपाक येत होता, नाताळात ते पन्नास माणसांचं करत. आसारामभाऊ रोज करूनच खात. श्रीमंतराव पेंगत होते, त्यांची मान हलत होती, ती होकारात धरली. म्हणजे या प्रस्तावात जागेपणी सापडला एकच माणूस, तो मांडणारा, आणि तो बसायच्या ऐवजी पुन्हा उभा राहिला. पुरुषांनी बायकोला पुढं करून पळवाट काढू नये, म्हणून वार असेल त्या घरातल्या दुसऱ्या माणसानं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं एक कलम त्यानं स्वतःहून जोडलं. (कलम जोडल्याशिवाय खाली बसायची सवयच नव्हती.)

मालनबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, हात मोजलाच नव्हता. त्या बैठकीत बोलतच नसत. त्या अजून वसाहतीच्या झाल्याच नव्हत्या. "संक्रांतीपर्यंत बघते," या बोलीवर त्या आल्या होत्या. जामखेडचं घर कुलूप लावून तसंच होतं. मोठी पातेली, पाटा-वरवंटा, पितळी डबे तिथंच. इथं आणलेली मोठी ट्रंकही त्यांनी उघडली नव्हती. दुसऱ्याच्या ओट्यावर हात वळत नाही, असं त्यांचं म्हणणं. संक्रांत होऊन गेली होती. मुलगा हर्षल पुण्याहून रोज फोन करून विचारत होता की जामखेडचं घर भाड्यानं द्यायचं की नाही. मालनबाईंनी त्याला सांगितलं होतं, रविवारी सांगते.

आणि पहिला रविवार गोरक्षनाथांच्या वाट्याला आला.

त्यांना परत जायचं नव्हतं. जामखेडला निवृत्तीनंतर दारावर कुणी येईना झालं होतं. इथं दुपारी यशया सर बुद्धिबळाचा पट घेऊन येत आणि हरत. संध्याकाळी आसारामभाऊ जुन्या साहेबांचे किस्से पुन्हा पुन्हा ऐकून घेत. असा श्रोता सोडून जाणं गोरक्षनाथांच्या जिवावर आलं होतं. त्यांचा हिशोब सरळ होता. आपण झकास जेवण करून घातलं की मालनला दिसेल, इथं चूल तिच्या गळ्यात नाही. मग ती राहील. ही गोष्ट त्यांनी यशया सरांना खासगीत सांगितली. नंतर आसारामभाऊंना खासगीत सांगितली. नंतर श्रीमंतरावांना. प्रत्येकाला 'तुमच्यापाशीच ठेवा' असंही सांगितलं. श्रीमंतरावांनी ते लंकाबाईंपाशी ठेवलं आणि सरांनी मॅडमपाशी.

बेत शिपी आमटीचा, म्हणजे काळ्या मसाल्याच्या झणझणीत डाळीच्या आमटीचा. भाकरी सुप्याहून विकत आणायला बैठकीनं दयेपोटी परवानगी दिली होती. जामखेडकडं पंगतीची ही आमटी पुरुषच रांधतात आणि अशा शेकडो पंगतींत गोरक्षनाथ हजर होते. कढईजवळ नव्हे, पानावर. पण एवढ्या वेळा खाल्लेली गोष्ट करायला काय अवघड, असा त्यांचा समज होता.

दुपारी त्यांनी पाच मोठे कांदे चिरले. समोर आपल्या घराबाहेरच्या ओट्यावर मालनबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नवरा डोळे पुसतोय हे त्यांना तिथून दिसत होतं. त्यांनी मान खाली घालून शेंगा फोडणं चालू ठेवलं.

डाळ शिजायला घातली आणि हर्षलचा फोन आला. घराचं काय ठरलं, हे त्याला वडिलांकडून काढायचं होतं. वडिलांनी त्याला सहजीवनाचं तत्त्व समजावून सांगितलं. तत्त्व संपलं तेव्हा स्वयंपाकघरातून धूर येत होता. खालची डाळ पातेल्याची झाली होती. वरची त्यांनी उपसून घेतली. करपट वास जावा म्हणून काळा मसाला घातला. फार तिखट झाली म्हणून पाणी घातलं. पातळ झाली म्हणून डाळीचं पीठ लावलं. पिठाच्या गुठळ्या झाल्या, त्यांवर उपाय म्हणून गूळ घातला. चव घेतली. ती कशाचीच नव्हती, फक्त धुराची होती. अंगावर मसाला सांडला होता. आता मालनला काय सांगायचं, या विचारात ते पातेल्यावर झाकण ठेवून अंघोळीला गेले. अंघोळीला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर येण्याची घाई नव्हती.

परत आल्यावर त्यांनी झाकण उचललं. गुठळ्या नव्हत्या. वर तेलाचा तवंग होता. चमचाभर जिभेवर घातली आणि लगेच दुसरा चमचा भरून घेतला. इतकी सुरेख आमटी त्यांनी पंगतीतसुद्धा खाल्ली नव्हती. सरकारी फाईल काही दिवस टेबलावर तशीच ठेवली की आपोआप निकाली निघते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. आमटीचंही तसंच असणार. मुरली असणार.

पंगत बसली. गोरक्षनाथ वाढत होते आणि सांगत होते. डाळ कशी निवडावी, मसाला कधी घालावा, आणि आच, आच तर फार महत्त्वाची. लंकाबाई म्हणाल्या, लई ब्येस झालीय. दया मॅडम म्हणाल्या, पहिल्या प्रयत्नात असं कुणाला जमत नाही. दोघींनी इतक्या वेळा म्हटलं की यशया सरांनी मॅडमला कोपर लावलं. आसारामभाऊ भाकरी कुस्करून दुसरी वाटी घेत होते.

मालनबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि शांतपणे विचारलं, "कांदे किती घातले म्हणालात?"

"पाच मोठे. भाजून, वाटून. त्याशिवाय ही चव येत नाही."

"मग आसारामभाऊ, माळ कधी उतरवली तुमी?"

पंगत थांबली. आसारामभाऊ माळकरी. कांदा-लसणाच्या दिवशी ते आपला वेगळा डबा घेऊन बसत, हे वसाहतीतल्या मांजरालाही माहीत होतं. आज डबा नव्हता. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, मग वाटीकडं पाहिलं.

"उतरवली न्हाई वहिनी," ते म्हणाले. "आमटी माझी हाय. भाऊसाहेबांची लई तिखट हुती. म्हंजी नुसत्या वासानंच ठसका लागला. म्हणून ती काढून मी माझी वतली. तुमी निगून जाल, ह्या काळजीनं."

"तिखट?" दया मॅडम म्हणाल्या. "तिखट कशी असेल? मी तर आधीच बदलून ठेवली होती. करपलेली काढली आणि माझी ओतली. माझी सौम्य असते."

लंकाबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. "मंजी ती पानचट व्हय, ती तुमची? मी म्हनलं, भाऊसाहेबांनी नुसतं पानी उकळलं. म्हणून मी माझी आनली."

"पाणचट?"

"आन माझीच्या वासानं ठसका लागतो?" लंकाबाई आसारामभाऊंकडं वळल्या.

डेन्मार्कात अशा वेळी काय करतात, ते गोरक्षनाथांना आठवेना. हातात डाव घेऊन ते उभेच होते. यशया सरांनी दया मॅडमना हळू आवाजात काही सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी ऐकला नाही. आसारामभाऊ माफी मागू लागले आणि नेमकी कुणाची मागावी हे न समजल्यामुळे थांबले. बैठकीचं एकमत मोडणं वेगळं आणि आमटीला नाव ठेवणं वेगळं. लंकाबाई उठायच्या बेतात होत्या. त्या उठल्या असत्या तर वसाहतीत पुन्हा एकत्र पंगत बसली नसती, आणि मालनबाईंच्या उत्तराची वाट बघायचं कारणही उरलं नसतं.

तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. हसत होत्या मालनबाई. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. हे हसू गोरक्षनाथांनी हर्षलच्या बारशानंतर ऐकलं नव्हतं.

"मी ओट्यावर बसून बघत हुते," त्या म्हणाल्या. "एकेक जण पातेलं झाकून मागल्या दारानं आत चाललाय, आन झाकूनच बाहेर यतोय. मला वाटलं, ह्या मान्साची आमटी विकाया लागले का काय. टाकली तर न्हाई ना कुनी?"

अन्न कुणी टाकलं नव्हतं. मॅडमच्या घरी भाऊसाहेबांची होती, लंकाबाईंच्या घरी मॅडमची, आसारामभाऊंच्या घरी लंकाबाईंची. मालनबाईंनी तिन्ही पातेली आणायला लावली. स्वतः उठल्या, डाव नवऱ्याच्या हातातून घेतला आणि वाढायला लागल्या. तिखटात सौम्य घातली तर दोन्ही बऱ्या लागतात, हे लंकाबाई आणि मॅडम या दोघींनाही त्यांनी एकाच वाटीत दाखवून दिलं. यावर दोघींचं समाधान झालं, निदान दोघींनी वाटी संपवली. गोरक्षनाथांची आमटी श्रीमंतरावांनी दोनदा मागून घेतली आणि ती मटणाची आहे का, असं विचारलं.

वाढताना मालनबाईंनी मीठ कुठल्या डब्यात आहे ते कुणाला विचारलं नाही. हे गोरक्षनाथांच्या लक्षात आलं नाही. ते भांडी घासत होते. (हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण नाकारायची परिस्थिती नव्हती.) पातेल्याच्या बुडाला लागलेली डाळ निघता निघेना. आपलं जामखेडला जाणं आता नक्की, असं धरून त्यांनी ती खरवडली.

आवराआवर झाल्यावर दोघं अंगण ओलांडून घराकडं निघाले. तिन्ही घरांत दिवे होते. लंकाबाई आपल्या दारात उभ्या राहून मॅडमना मसाल्याचं प्रमाण मोठ्यानं सांगत होत्या आणि मॅडम ते तितक्याच मोठ्यानं नाकारत होत्या.

"मालन," गोरक्षनाथ म्हणाले, "हर्षलला फोन करायचाय ना. काय सांगायचं?"

"केला मघाच. भाड्यानं दे म्हनलं."

गोरक्षनाथ थांबले. जे ऐकलं ते पुन्हा एकदा मनात वाचून पाहिलं. त्यात खाडाखोड दिसली नाही. मग त्यांच्या अंगात एकदम अव्वल कारकून संचारला. माणसं जोडण्याची ताकद सामाईक चुलीत असते हे आपण पहिल्या दिवसापासून सांगत होतो, डेन्मार्कच्या लोकांचा अनुभवही असाच आहे, शेवटी तुलाही ही कल्पना पटली, वगैरे ते बोलू लागले.

मालनबाईंनी दाराची कडी काढली.

"कल्पनेचं मला काय कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "जामखेडला तुमी एकटीच्या वाट्याला हुता. हितं चार घरांत वाटून जाता."