आबांची फियाट लग्नाला निघाली

"वर्साला चार लाख! कमीत कमी!" असं म्हणून जयसिंगने शेडात उभ्या असलेल्या फियाटच्या टपावर जोरात थाप मारली. टपावर बसलेली कोंबडी फडफडत खाली उतरली आणि थेट त्याच्या पायावर घाण करून गेली.

त्याची बायको शितल पलीकडे भांडी घासत होती. "ह्या कोंबड्या पंधरा वर्सं त्यात फुकट ऱ्हात्यात. आधी त्यांच्याकडनं वसूल करा," ती म्हणाली.

शितलचंही चुकत नव्हतं, मंडळी. जयसिंगने चोवीस वर्षं रांजणगावच्या कंपनीत शिफ्टा केल्या आणि दोन महिन्यांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिला आठवडा तो नुसता झोपला. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या अंगात जणू मुंग्यांचं वारूळ शिरलं! पहाटे पाचला उठून कंपनीच्या बसच्या थांब्यापर्यंत जायचा आणि बस गेली की परत यायचा. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं. मग त्याने स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली. त्यात लाल तिखटाच्या डब्यावर 'हळद' लागलं, आणि त्या संध्याकाळी शितलने घातलेल्या फोडणीने अख्खी आळी खोकली. तेव्हा ती हात जोडून म्हणाली होती, "कायतरी काम बघा! न्हाईतर मी माहेरचा रस्ता बघती!"

काम मोबाईलवर सापडलं. 'जुन्या गाडीतून कमाईचे सात मार्ग' नावाचा व्हिडिओ जयसिंगने चारदा पाहिला. लग्नाला भाड्याने द्या, शूटिंगला द्या, हॉटेलच्या दारात उभी करा, प्रदर्शनात मांडा... आणि आपल्या शेडात तर फियाट धूळ खातेय!

ही फियाट त्याच्या वडिलांची, पोपटरावांची. सगळं न्हावरे त्यांना आबा म्हणायचं. एके काळी आबा दूध संघाचे दोन वेळा संचालक होते, आणि ही पांढरी गाडी रस्त्यावर दिसली की निवडणूक आली असं लोक समजायचे. पंधरा वर्षांपूर्वी आबा निवडणुकीत पडले. तेव्हापासून गाडी शेडात आणि आबा ओसरीतल्या बाजेवर. आता ते ब्याऐंशीचे होते आणि कानाने कमी ऐकत होते. येणारा-जाणारा "आबा, बरं हाय ना?" म्हणायचा आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जायचा.

जयसिंगने शिरूरच्या मेस्त्रीला घरी आणलं, गाडी खोलली, रंगवली, सीटांना नवी कव्हरं घातली. पहिली ऑर्डरही लगेच मिळाली. कंपनीतला सत्यजीत, कवठे येमाईचा, दौंडच्या दीक्षाशी लग्न करत होता.

"काका, डीजे, घोडा सगळ्यांचंच असतंय. मला क्लासिक एंट्री पायजे!" सत्यजीत म्हणाला.

"बारा पस्तीसचा मुहूर्त ना? बाराला दारात उतरवतो तुला!" जयसिंगने छाती फुगवून सांगितलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला त्याने चावी फिरवली. गाडी नुसती खाकरली. परत फिरवली, परत खाकरली. दहाव्या वेळी ओसरीतून आवाज आला, "चोक अर्धा वढ. पाय दाब. आता तीन मोज आन् मार!"

गाडी घुर्रर्र करून सुरू झाली! जयसिंग टाळी वाजवणार, तेवढ्यात शेजारच्या सीटचं दार उघडलं. धुवट धोतर, इस्त्रीची टोपी घालून आबा आत बसत होते.

"आबा, तुम्ही कुठं?"

"वाटंत बंद पडली तर कुणाला इचारशील? त्या मोबाईलला? आन् ध्यानात ठेव, इंजिन तापल्यावर ही थांबली की लवकर चालू व्हत न्हाई. मधी कुठं थांबायचं न्हाई!"

कवठ्यातून नवरदेव घेतला. क्रीम रंगाची शेरवानी, डोक्याला फेटा. त्याच्या शेजारी करवली म्हणून धाकटी बहीण सायली बसली. सायलीच्या हातात कलश असायला हवा होता, पण होता मोबाईल! गाडीत बसल्यापासून ती सगळ्याचं शूटिंग करत होती. आबांच्या मिशीचंसुद्धा.

शिरूरात एसटी स्टँडपाशी गर्दी लागली आणि गाडी गोगलगाईच्या चालीने सरकू लागली. रसवंतीवर गेणबा बसला होता, आबांचा जुना कार्यकर्ता. त्याने गाडी पाहिली, आबा पाहिले, हातातला ग्लास तिथेच ठेवला आणि तो धावतच खिडकीपाशी आला.

"आबा! गाडी भाईर काढली! औंदा उभं ऱ्हानार व्हय?"

आबांना निम्मंच ऐकू आलं. त्यांना वाटलं, हा रस प्यायला उभं राहा म्हणतोय. त्यांनी हात उंच करून सांगितलं, "आता थांबणं न्हाई, गड्या! एकदा निघालो म्हंजी निघालो!"

गेणबा जागच्या जागी खिळला. मग त्याने खिशातून फोन काढला.

मागच्या सीटवर सायलीने हे सगळं टिपलं होतं. "काय डायलॉग हाय आबांचा!" म्हणून तिने तो तुकडा इन्स्टावर टाकला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आता थांबणं न्हाई!' खाली आगीच्या तीन ज्वाळा.

दूध संघाच्या निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत सोमवारी संपत होती. हे सायलीला ठाऊक नव्हतं, जयसिंगच्या लक्षात नव्हतं, पण न्हावऱ्याला चांगलंच माहीत होतं! गाडी न्हावऱ्याच्या चौकात आली तेव्हा चाळीस-पन्नास माणसं, हलगीवाला आणि झेंडूचा हा एवढा हार घेऊन रस्त्यात उभी!

"सरका! सरका! थांबता येत न्हाई!" जयसिंग ओरडला.

"आता थांबणं न्हाई!" जमाव त्याच्या दुप्पट ओरडला.

गाडी थांबली. एक उचकी देऊन इंजिन गप्प झालं.

आबांच्या गळ्यात हार पडला. कुणी पाया पडलं, कुणी गुलाल उधळला. "आबा, तुम्ही फकस्त अर्ज भरा, बाकी आमच्यावर सोडा!" आबा गोंधळून एकेकाकडे बघत होते. पंधरा वर्षांत कुणी त्यांच्या उत्तराची अशी वाट पाहिली नव्हती.

सत्यजीतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अवो, माझं लगीन हाय! सोडा आम्हांला!"

"फेटा बांधून कोण आलंय बघा! युवा नेतृत्व!" कुणीतरी गर्जलं आणि दुसरा हार नवरदेवाच्या गळ्यात. मूठभर गुलाल शेरवानीवर.

तेवढ्यात सत्यजीतला दौंडहून मुलीच्या वडिलांचा फोन आला. "कुठं हाय तुम्ही?"

"मिरवणुकीत हाय!"

"अवो, मिरवणूक हितून निघायचीय! तुमची कुठली निघाली?"

सत्यजीतने फोन जयसिंगकडे दिला, जयसिंगने घाबरून कापून टाकला. शेवटी चाळीस जणांनी गाडीला धक्का मारला. हलगी पुढे, घोषणा मागे, मध्ये घामाने थबथबलेला जयसिंग स्टिअरिंगला लटकलेला! शंभर पावलांवर इंजिनाने दम धरला आणि फियाट भीमेच्या दिशेने उधळली.

दौंडात रेल्वेपुलाखालच्या मोरीतल्या कोंडीतून सुटून ते मंगल कार्यालयापाशी पोचले तेव्हा बारा तेहतीस झाले होते. जयसिंगने सुस्कारा सोडला. पण फाटक बंद! आणि फाटकासमोर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत दीक्षाचे मामा, ईश्वरराव, कमरेवर हात ठेवून उभे. ईश्वरराव म्हणजे दूध संघाचे चालू संचालक. सायलीचा व्हिडिओ त्यांना तोवर सतरा जणांनी पाठवला होता.

"माझ्या भाचीच्या लग्नाची गाडी, आन् माझ्याच इरुद्ध प्रचार? नवरदेवासकट?"

"प्रचार न्हाई वो मामा, भाड्याची गाडी हाय!" जयसिंग काकुळतीला आला. "म्हंजी, कमाईचा पयला मार्ग..."

"मग ह्यो गुलाल कसला? हार कसला?" ईश्वररावांनी नवरदेवाकडे बोट दाखवलं. शेरवानी आता क्रीम राहिली नव्हती. "आधी आबांनी सगळ्यांसमोर सांगायचं, उभं ऱ्हानार का न्हाई. मगच फाटक उघडंल!"

आत गुरुजी माईकवर तिसऱ्यांदा "मुलाच्या मामांनी मुलाला घेऊन यावे" म्हणत होते. जयसिंग आबांकडे वळला. आपल्या धंद्याच्या पहिल्याच दिवशी एक लग्न मोडतंय!

"आबा, न्हाई म्हणा! एकदा न्हाई म्हणून टाका!" तो आबांच्या कानात ओरडला.

इतक्यात फाटकाच्या आतून कडी वाजली. शालूचा पदर खोचून दीक्षा स्वतःच बाहेर आली. "मामा, निवडणुकीत कुणी बी उभं ऱ्हावं. पण मी तासभर उभी हाय, त्याचं काय? बाजूला व्हा!"

ईश्वरराव एक पाऊल मागे सरले. पण नजर आबांवरच. सगळ्या वऱ्हाडाची नजर आबांवर. आबा दाराचा आधार घेत सावकाश उतरले. त्यांनी गळ्यातला हार नीट केला.

"ईश्वर," ते म्हणाले, "सकाळपतूर माझ्या डोस्क्यात असलं कायबी नव्हतं. देवाशप्पथ. पर तू लग्नाचं फाटक लावावं येवढा मला भ्यालास! म्हंजी माझ्यात अजून कायतरी शिल्लक हाय."

वऱ्हाडात खसखस पिकली.

"लगीन लाव आधी. सोमवारी मी अर्ज भरतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मुलीकडची माणसंही होती! ईश्वरराव स्वतःच दीक्षाला हात धरून आत घेऊन गेले, आणि बारा पन्नासला अक्षता पडल्या. गुलाबी नवरदेव जयसिंगच्या गळ्यात पडून म्हणाला, "काका, अशी एंट्री सबंध जिल्ह्यात कुणाची झाली न्हाई!" आणि ठरलेलं भाडं त्याने तिथेच हातावर ठेवलं.

सायलीचा व्हिडिओ दोन दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिला. सोमवारी सकाळी जयसिंगचा फोन जो वाजायला लागला तो थांबेना! बारामती, श्रीगोंदा, केडगाव, एका ठिकाणी तर शूटिंग! नऊ ऑर्डरी! जयसिंग शितलपुढे नाचायचाच बाकी होता. "बघितलंस? म्हणलं व्हतं का न्हाई?"

शितलने नुसतं शेडाकडे बोट दाखवलं.

फियाटच्या दोन्ही दारांना आबांचा फोटो चिकटवला होता. टपावर भोंगा बांधला होता. आबा मागच्या सीटवर ताठ बसून आरशात मिशी बघत होते, आणि भोवती गावातली वीस-पंचवीस मंडळी गोळा झाली होती.

"आबा, नऊ लग्नं हायती! गाडी मला पायजे!"

"लग्नं काय, दर वर्साला येत्यात," आबा म्हणाले. "अर्ज भरून आलो की आज शिरूर, उद्या निमोणे, परवा दौंड. महिनाभर दमायचं न्हाई. बस लवकर!"

जयसिंग चालकाच्या सीटवर बसला. मागून शितल ओरडली, "आवो, पर महिनाभराचं गाडीचं भाडं कोण देनार?"

आबांना हे मात्र एका झटक्यात ऐकू आलं. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते म्हणाले, "घरच्या गाडीचं कसलं भाडं, पोरी? पेट्रोलचं तेवढं जयसिंग बघंल!"