बिनदाताची करवत

"रविवारी सकाळी धाला मशीन चालू, अकराला दगडाचे दोन तुकडे, आन् सव्वाअकराला चहा!" दौंडच्या जालिंदर आप्पांनी शनिवारीच गल्लीत जाहीर करून टाकलं. रेल्वेत बत्तीस वर्षं पॉइंट्समन म्हणून काढलेला माणूस, वेळेचं बोलला की ठासून बोलायचा. गाड्या वेळेवर येत नसत, ती गोष्ट वेगळी!

रिटायर झाल्यावर आप्पांना दगडांचा नाद लागला. कुठं विहीर खोदली की हे ढिगाऱ्यावर हजर! गारगोट्या वेचायच्या, घासायच्या, चकाकवायच्या. जिन्याखालच्या अडगळीला ते 'वर्कशॉप' म्हणत. तिथं आता दगड कापायची नवी करवत आली होती, थेट मुंबईहून. आणि तिच्यावर पहिला मान एकाच दगडाचा होता.

तो दगड रतनबाईंचा. छत्तीस वर्षांपूर्वी न्हावऱ्याच्या मळ्यात विहिरीला सुरुंग लावले, तेव्हा नव्या नवरीनं तो ढिगाऱ्यातून उचलला होता. नारळाएवढा, काळा, पण हाताला हलका. "अहो, ह्यात कायतरी हाय," ती म्हणाली होती. "घणानं फोडू नका, चुरा हुईल. नीट कापून दावा." आप्पा म्हणाले, "दावतो की!" आणि तो दगड छत्तीस वर्षं फडताळात पडून राहिला.

आता कापायची सोय झाली, तर रतनबाईच घरात नाहीत! लेक सारिका नागपूरला. डॉक्टरांनी बाळंतपणात प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरच उठून लेकीकडं गेलं. गेल्या त्या दोन महिन्यांसाठी, झाले सहा! दर फोनला नवी मुदत. बारसं होऊ दे, पालथं पडू दे, आता म्हणे बसायला लागू दे.

"अशानं नातू धावीला जाईल!" आप्पा चिडायचे. पण 'रतन, तू ये, मला करमत न्हाई' एवढं फोनवर काही केल्या तोंडातून निघत नसे. सकाळी चहाला हात आपोआप दोन कप पाणी टाकायचा, मग दुसराही कप स्वतःच प्यायचे. पित्त वाढलं ते त्यानंच! दगडातून काही निघालं तर रतन ते बघायला तरी येईल, एवढ्या एका आशेवर ही करवत घेतली होती.

रविवारी दहाला खोकं उघडलं. मदतीला शेजारचा मच्छिंद्र, रिटायर वायरमन आणि सर्वज्ञ.

"आप्पा, फसवलं की तुमाला! ह्या पात्याला दातच न्हाईत!"

आप्पांनी बोट फिरवलं. खरंच, ताटलीची कड बरी!

"काळजी नगं. कानशीनं पाडतो दात."

मच्छिंद्रनं पाच मिनिटं कानस घासली. पातं होतं तसंच, कानस मात्र गुळगुळीत! शेवटी दुकानदाराला फोन लावला.

"अहो काका, दात कशाला? त्या कडेला हिऱ्याची पूड बसवलेली असते! आणि मशीनखालच्या टाकीत तेल भरा, पाणी नको, गंजेल."

हिरा म्हटल्यावर मच्छिंद्रनं कानशीखालची धूळ हळूच कागदात बांधून खिशात घातली. कुठलं तेल, ते विचारायचं राहूनच गेलं.

"डिझेल वता," मच्छिंद्र म्हणाला.

"रतनच्या दगडाला डिझेलचा वास? येडा का खुळा तू! चोख तेल पायजे."

चोख तेल स्वयंपाकघरात होतं. घरच्या शेंगांचं, लाकडी घाण्याचं, पंधरा लिटरचा डबा. वर रतनबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'दिवाळी. हात लावू नये.'

"थोडंच घेऊ, मागनं गाळून वतू," असं आप्पा म्हणेपर्यंत टाकीनं डबा रिकामा केला.

आणि बटण दाबलं! पहिली धार मच्छिंद्रच्या चष्म्यावर, दुसरी कॅलेंडरवर, तिसरी छताला. गोल दगड पकडीत बसेना. तीनदा निसटला, तिसऱ्यांदा आप्पांच्या अंगठ्यावर! मग लाकडाच्या पाचरी ठोकल्या. पातं निम्म्यात गेलं आणि लाईट गेली. पातं दगडात, आप्पा स्टुलावर, सव्वाअकराचा चहा हवेत!

एकला लाईट आली. पातं पुन्हा फिरलं, तेल तापलं आणि गल्लीभर खमंग वास सुटला. दारात समोरच्या घरातल्या आक्काबाई ताटली घेऊन उभ्या.

"भज्यांचा वास आला. म्हटलं, रतन आली जणू!"

आप्पांनाही मघापासून तसंच वाटत होतं.

अडीचला 'खट्' झालं. दोन तुकडे वेगळे झाले. आत पोकळी, आणि पोकळीभर पांढरेशुभ्र स्फटिक, खडीसाखर सांडल्यागत! तेलकट हातानंच आप्पांनी व्हिडिओ कॉल लावला.

"रतन, बघ! तू म्हणली व्हतीस!"

"अगं बाई! म्हटलं नव्हतं मी?" रतनबाईंनी डोळ्याला पदर लावला. "किती वर्सांनी दावलंत हो! जपून ठिवा. बाळ बसाय लागलं की येते, मग हातात घेऊन बघते."

"बरं," आप्पा म्हणाले. पुढचं 'करमत न्हाई' पुन्हा घशातच राहिलं. हात तेलाचा, फोन सटकला आणि खाली पालथ्या डब्याशेजारी जाऊन पडला.

"थांबा! तो डबा कुठला?"

"कुठला... हे आपलं..."

"अहो, माझं दिवाळीचं तेल?"

"थोडंच घेतलं व्हतं..."

"सारिका! तिकीट काढ! आजचं काढ!"

दुसऱ्या दिवशी नागपूरची गाडी चक्क वेळेवर आली! रतनबाई स्टेशनापासून ज्या बोलायला लागल्या, त्या दारात येईपर्यंत थांबल्या नाहीत. आप्पा पिशवी घेऊन मागून चालत होते, आणि मुद्दाम लांबच्या रस्त्यानं नेत होते. घरात आल्यावर त्यांनी अर्धा दगड तिच्या हातात दिला. ती कितीतरी वेळ त्यावर बोटं फिरवत बसली. आप्पांनी दोन कप पाणी टाकलं, आणि आज दोन्ही कप बरोबर लागले.

"आठ दिवसांनी परत जाणार बरं का मी," चहा पिताना रतनबाई म्हणाल्या. "लेकराला तसंच टाकून आलेय."

"जा की! खुशाल जा!" आप्पा म्हणाले आणि त्यांची नजर हळूच फडताळाकडं गेली. तिथं साजूक तुपाची बरणी होती. तुपावर करवत चालते का, एकदा मच्छिंद्रला विचारून ठेवायला हवं!